डाळपुरीचे बेट

आपल्या शेंदूरजनाघाटात पन्हेरी म्हणजे काय हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. जंबेरीच्या बिया पेरायच्या, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या खोडात संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची आणि वाट पाहायची. मूळ जंबेरीचे, फळ संत्र्याचे. अशी रोपे दरवर्षी येथून गाड्या भरभरून दूरच्या गावी जातात आणि तेथील मातीत लागतात. एकदा वर्गात याविषयी बोलणे चालले असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, झाड परमुलखात लागते. पण माणसे परमुलखात गेली तर ती आपले खाणे, आपली बोली विसरतात का?"

प्रश्न मोठा होता. मी भिंतीवरचा जगाचा नकाशा खाली उतरवून बाकावर पसरला. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे भले मोठे बेट दिसते. त्याच्याही पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, हिंदी महासागरात एक लहानसा ठिपका आहे. तो म्हणजे मॉरिशस. या ठिपक्यावरच्या शाळांत मराठी शिकवतात आणि उर्दूही शिकवतात, हे ऐकून मुलांना नवल वाटले. मग आम्ही ठरवले की वर्गात बसूनच या बेटाची चार दिवसांची सहल करायची. खर्च काही नाही, फक्त नकाशा, पुस्तके आणि थोडी भूक सोबत घ्यायची.

मुंबईहून विमानाने निघाले की साधारण सहा तासांत मॉरिशस येते. घड्याळ दीड तास मागे करावे लागते. नाणे तेथेही 'रुपया'च, मात्र एका मॉरिशस रुपयाला आपला एकापेक्षा जास्त रुपया द्यावा लागतो. बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. आपल्या एका अमरावती जिल्ह्यात अशी सहा बेटे मावतील. म्हणूनच चार दिवसांत ते पाहून होते. जाहिरातींत मॉरिशस म्हणजे निळे पाणी, पांढरी वाळू आणि मोठी हॉटेले एवढेच दाखवतात. ते खोटे नाही. पण तेवढेच पाहून परतणारा माणूस बेट न पाहताच परतला असे मला वाटते.

पहिला दिवस राजधानीचा. तिचे नाव पोर्ट लुई. डोंगरांच्या कुशीत वसलेले हे बंदर आहे. फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने १७३५ पासून ते वाढवले. त्याआधी येथे डच लोक राहून गेले होते. डचांनी १५९८ मध्ये आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाला हे नाव दिले. त्यांच्याही आधी अरब खलाशांना हे बेट ठाऊक होते. १५०२ च्या एका जुन्या नकाशात त्याचे अरबी वळणाचे नाव आढळते. पण अरबांनी येथे वस्ती केली नाही. या बेटाला मूळचे रहिवासी असे कोणी नाहीतच. जो आला तो जहाजातून आला. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे समजायला सोपे जाते.

बंदराजवळच आप्रवासी घाट नावाची जागा आहे. दगडी भिंती, काही पडक्या खोल्या आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. पाहायला फारसे काही नाही. पण २००६ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. कारण असे. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले. उसाचे मळे वाढले होते आणि त्यांत आफ्रिकेतून व मादागास्करमधून पकडून आणलेले गुलाम राबत होते. १८३५ मध्ये येथील गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना नवे हात हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानात शोधले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर येथे उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे आली. पुढे इंग्रजांच्या इतर वसाहतींतही मजूर याच रीतीने गेले.

या माणसांना करारबद्ध मजूर म्हणतात. इंग्रजी 'अॅग्रीमेंट' या शब्दाचे त्यांनी 'गिरमिट' केले, म्हणून त्यांना गिरमिटिया असेही नाव पडले. सुरुवातीचे करार पाच वर्षांचे होते. महिन्याला पाच रुपये पगार आणि शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. कागदावर हे बरे दिसते. पण एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. आजारपणालाही ही शिक्षा चुकत नसे. अक्षरओळख नसलेल्या माणसाने अंगठा कशावर उठवला हे त्याला पुष्कळदा उसाच्या मळ्यात उभे राहिल्यावरच कळे. बेटावर उतरल्यावर प्रत्येकाची नोंद होई. नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढे पुढे फोटोही काढू लागले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. आजही नातू-पणतू तेथे जाऊन आपल्या पणजोबांचे गाव शोधतात.

बहुतेक मजूर बिहार व आजच्या उत्तर प्रदेशाकडचे होते. पुष्कळ तमिळ व तेलुगू मुलखातले होते. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. ते मुख्यतः रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतले होते. त्यांच्याकडे आपण तिसऱ्या दिवशी जाणार आहोत.

आता भूक लागली असेल. घाटापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मध्यवर्ती बाजार आहे. खालच्या बाजूला भाजीवाले, फळवाले, वाळलेल्या औषधी पाल्याचे विक्रेते. आणि रस्त्याच्या कडेला हातगाडीवर किंवा मोटारसायकलवर काचेची पेटी ठेवून उभा असलेला डाळपुरीवाला. तेथे तिला 'धोल पुरी' म्हणतात. ती पुरीसारखी फुगत नाही आणि तळतही नाहीत. पिवळ्या वाटाण्याची डाळ उकडतात, कोरडी वाटतात, तिच्यात हळद व जिरे घालतात आणि मैद्याच्या उंड्यात भरून पातळ लाटतात. मग तेल लावून तव्यावर भाजतात. आपली पुरणाची पोळी डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यातला गूळ काढून टाका, म्हणजे धोल पुरी झाली. ती नेहमी जोडीने विकतात. दोन मऊ पोळ्यांवर मोठ्या वालाची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय' नावाची चटणीवजा भाजी आणि हिरव्या मिरचीची चटणी घालतात, गुंडाळी करतात आणि कागदात देतात. उभ्याउभ्याच खायचे. मंत्री असो की हमाल, दुपारी या गाडीसमोर दोघेही सारखेच.

बिहारमध्ये अशी डाळभरली पोळी सणासुदीला करतात. मजुराच्या शिध्यात डाळ होतीच. पुढे हरभऱ्याच्या डाळीची जागा वाटाण्याने घेतली आणि सणाचा पदार्थ रोजचा झाला. मालकाने जी डाळ मजूर जिवंत राहावा म्हणून मोजून दिली, तीच डाळ आज सगळ्या देशाचा आवडता पदार्थ बनून बसली आहे. चिनी वंशाचा दुकानदार आणि फ्रेंच वंशाचा मळेवालाही ती खातो.

शेजारच्या गाडीवर 'गातो पिमां' मिळतात. फ्रेंचमध्ये 'गातो' म्हणजे केक आणि 'पिमां' म्हणजे मिरची. नाव ऐकून गोंधळू नका, हे आपले डाळवडे आहेत! भिजवलेली डाळ जाडसर वाटून, मिरची व कोथिंबीर घालून तळलेले. गंमत अशी की सकाळी ते लोणी लावलेल्या पावात घालून खातात. वडा बिहार-मद्रासचा, पाव फ्रेंचांचा. बाजारात 'अलुदा' नावाचे थंड पेयही मिळते. दूध, सरबत, तुकमरिया आणि मऊ जेलीचे धागे. उर्दू वाचणाऱ्याला याचे मूळ सांगायला नको. फालुद्यातला 'फ' समुद्रात पडला आणि 'अलुदा' उरला!

बाजाराजवळच्या रस्त्यावर जुम्मा मशीद आहे. तिचे काम १८५० च्या दशकात सुरू झाले आणि त्यात कच्छी मेमन व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. पांढरी शुभ्र इमारत, कोरीव लाकडी दरवाजे आणि आतल्या अंगणात बदामाचे मोठे झाड. मशिदीला लागूनच चिनी वस्ती सुरू होते. एका बाजूला बिर्याणीचा देग, दुसऱ्या बाजूला परतलेल्या शेवयांचा वास. तेथील बिर्याणीत बटाटा असतोच. लग्न कोणत्याही धर्माच्या घरचे असो, 'ब्रियानी' हवी असा तेथे आग्रह असतो. खिशातली दोनशे रुपयांची नोट काढून पाहिली तर तिच्यावर अब्दुल रझाक मोहंमद यांचे चित्र दिसेल. बेटाच्या स्वातंत्र्याच्या काळातले ते एक प्रमुख मुस्लिम पुढारी. नोटेवर देवनागरी अक्षरेही आहेत, ती वाचायला आपल्याला अडचण पडत नाही.

दुसरा दिवस उत्तरेकडचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे उंच ढीग. शेत साफ करताना मजुरांनी हे दगड एकेक करून हातांनी वेचले व रचले. हा दगड पाहिला की वऱ्हाडातला माणूस थबकेल, कारण तो आपल्याकडचाच काळा पाषाण आहे. ही नुसती कल्पना नाही. भूशास्त्रज्ञ सांगतात की हिंदी महासागराच्या तळाखाली, आज जेथे रेयुनियन बेट आहे तेथे, पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येण्याची एक जागा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्या जागेवरून उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा लाव्हा पसरून दख्खनचे पठार झाले. आपली कपाशीची काळी माती त्याच खडकाची. पुढे फार उशिरा, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी, त्याच जागेच्या लाव्ह्याने मॉरिशस समुद्राबाहेर डोके काढू लागले. बिचाऱ्या मजुरांना हे कोठून ठाऊक असणार! ते आपल्याच मातीच्या धाकट्या बहिणीवर उतरले होते.

उत्तरेकडे पांप्लमूस नावाचे गाव आहे. हे नाव मला फार आवडते, कारण 'पांप्लमूस' म्हणजे पपनसासारखे एक फळ. संत्रे, लिंबू, जंबेरी यांच्याच कुळातले. एका फळाच्या नावाने गाव ओळखले जाते. आपल्या वरुड भागाला संत्र्यांमुळे 'विदर्भाचे कॅलिफोर्निया' म्हणतात. मला विचाराल तर त्यापेक्षा असे सरळ फळाचेच नाव बरे. येथे एक जुने वनस्पती उद्यान आहे. पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने १७७० च्या सुमारास तेथे लवंग आणि जायफळाची रोपे आणून लावली. त्या काळी ही रोपे डचांच्या ताब्यातल्या बेटांवरच होती आणि ती बाहेर नेऊ देत नसत. त्याने ती चोरून मिळवली. पन्हेरीवाल्यांना ही गोष्ट रंजक वाटेल. उद्यानाच्या तळ्यात ताटासारख्या काठांची प्रचंड कमळपाने तरंगतात. ताडाच्या जातीचे एक झाड असे आहे की ते कित्येक दशकांनी आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते.

तिसऱ्या दिवशी बेटाच्या मधल्या पठारावर चढायचे. २०२० पासून पोर्ट लुईहून रूळगाडी सुरू झाली आणि २०२२ मध्ये ती क्युरपीपपर्यंत पोहोचली. वाटेत कात्र बोर्न लागते. नावाचा अर्थ 'हद्दीचे चार दगड'. तेथील आठवडी बाजार मोठा. क्युरपीप सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या साधारण निम्म्या उंचीवर. पाऊस मात्र सारखा. छत्री विसरू नये, एवढे सांगून पुढे जातो.

पुढे पश्चिमेला उतरले की रिव्हिएर न्वार, म्हणजे 'काळी नदी', नावाचा भाग येतो. डोंगर, उसाचे मळे आणि समुद्र. कोकणातून आलेल्यांपैकी बरेच जण याच बाजूला स्थिरावले. कास्कावेल या गावात आजही मराठी घरे आहेत. या लोकांची आडनावे कारकुनांनी फ्रेंच-इंग्रजी वळणाने लिहून घेतली, त्यामुळे ती ओळखणे कठीण जाते. घरात ती माणसे क्रिओल बोलतात. क्रिओल ही फ्रेंचपासून घडलेली, गुलामांच्या तोंडी वाढलेली भाषा. आज ती साऱ्या बेटाची बोली आहे. मराठी घरातून हळूहळू मागे सरली. पण ती दोन ठिकाणी टिकली. एक सणात. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, जशी ईदलाही असते. त्या दिवशी मोदक होतात आणि कोकणातला जाखडी नाच होतो. सात पिढ्यांपूर्वीचा ठेका पायांनी लक्षात ठेवला.

दुसरे ठिकाण शाळा. मॉरिशसच्या शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी यांपैकी एखादी भाषा जादा विषय म्हणून घेता येते. घरी क्रिओल बोलणारे, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचणारे आणि गणित इंग्रजीत सोडवणारे मूल मराठीच्या तासाला 'कमळ' आणि 'बदक' गिरवते. शेजारच्या खोलीत दुसरे मूल उजवीकडून डावीकडे 'अलिफ, बे' लिहिते. तुम्ही हे वाचताना एखाद्या जोडाक्षराला अडखळत असाल, तर कास्कावेलचे मूलही नेमके तेथेच अडखळत असेल.

भाषा शाळेत गेली, तरी शब्द मात्र स्वयंपाकघरात राहिले. क्रिओल बोलणारी बाई चटणीला 'सातिनी' म्हणते, कढीपत्त्याला 'कारीपुले' आणि कोथिंबिरीला 'कोतोमिली'. शेवटचे दोन शब्द तमिळ बायकांनी दिले. लोणच्याला ती 'झासार' म्हणते. नीट ऐका: उर्दूतला 'अचार' फ्रेंच तोंडातून फिरून आला आहे! कोबी, गाजर, फरसबी यांत मोहरी, हळद व व्हिनेगर घालून हे लोणचे करतात आणि पावातही भरतात.

याच पश्चिम किनाऱ्याच्या टोकाला ल मोर्न नावाचा उभा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यावर लपत. १८३५ मध्ये सुटकेची बातमी सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडायलाच आले असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा लोक सांगतात. २००८ मध्ये ही जागाही जागतिक वारसा झाली. आप्रवासी घाट पाहिला आणि हा कडा पाहिला नाही, तर हिशेब अर्धाच राहतो. १ फेब्रुवारीला गुलामगिरी बंद झाल्याची आणि २ नोव्हेंबरला मजूर आल्याची, अशा दोन सुट्ट्या त्या देशात पाळतात. कड्याजवळच्या शामारेल गावी कॉफी पिकते. महाराष्ट्रात कॉफीसाठी चिखलदरा प्रसिद्ध आहे, म्हणून हे सांगितले.

चौथा दिवस परतीचा. विमानतळ आग्नेयेला आहे आणि त्याच्या जवळच माएबूर हे जुने गाव आहे. सोमवार असेल तर तेथला बाजार चुकवू नये. कापड, भाजी, मसाले आणि समुद्रातून नुकतीच काढलेली मासळी. येथे 'विंदाय' खावे. मासा तळून मोहरी, हळद, लसूण व व्हिनेगरमध्ये मुरवतात. गोव्याच्या विंदालूचा हा भाऊ. दोघांचे मूळ पोर्तुगीज. मिरची-मीठ लावलेले लहान, गोड अननस उभे चिरून काडीला लावून देतात. प्रवासात खायला मनिऑक या कंदाच्या पिठाची बिस्किटे घ्यावीत. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. गुलामांचे पोट भरावे म्हणून फ्रेंचांनी तो बेटावर लावला. येथेही पुन्हा तेच. गरिबाला दिलेले धान्य आज आठवण म्हणून बांधून नेतात.

तास संपला तेव्हा नकाशावर बोटांचे ठसे उमटले होते. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न विचारणारा मुलगा डबा घेऊन आला. त्याच्या अम्मीने रात्री हरभऱ्याची डाळ उकडून, गूळ न घालता पोळ्या करून पाहिल्या होत्या. काही फाटल्या होत्या आणि डाळ बाहेर आली होती. सोबत टोमॅटोची चटणी होती. मधल्या सुट्टीत आम्ही त्या कागदात गुंडाळून, उभ्याउभ्या खाल्ल्या. सर्वांना पुरल्या नाहीत. पण ज्यांना मिळाल्या त्यांना जोडीनेच मिळाल्या.